एका आयनाला धरून ठेवायचं कसं? क्वांटम संगणकाबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी धरमपेठेतल्या एका शिकवणी वर्गाची खोली आम्हाला फुकट मिळते. तिथे मी आयन-सापळ्यातल्या क्वांटम संगणकावर बोलते (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू). समोर बी.एस्सी.ची मुलं असतात, दोन-तीन निवृत्त इंजिनिअर असतात, आणि मुलांना नुसतं सोडायला आलेले पण मागच्या बाकावर टिकून राहिलेले पालक असतात. सध्या मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी पाच वर्षं आयन-सापळ्याच्या प्रयोगशाळेत काढली. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रम माझ्या वहीतलाच आहे, विषयवार लावत बसले नाही.

क्वांटम संगणक म्हणजे एकदम फास्ट कॉम्प्युटर, असंच ना मॅडम?

नाही. आणि हा गैरसमज आधी काढला नाही, तर पुढचं सगळं वाकडंच बसतं. तुमच्या खिशातल्या फोनचा प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी पावलं टाकतो. आयनांच्या संगणकात दोन क्युबिटांमधली (क्युबिट म्हणजे या संगणकाचा 'बिट', माहितीचा सगळ्यांत लहान तुकडा) एक क्रिया व्हायला बहुतेक वेळा दहा-वीस ते काही शे मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाखावे भाग, लागतात. म्हणजे पावलापावलाची तुलना केली तर हे यंत्र फोनपुढे अक्षरशः रांगतं.

फायदा पावलांच्या वेगात नाही, पावलांच्या संख्येत आहे. काही ठरावीक गणितं अशी आहेत की नेहमीच्या संगणकाला अफाट पावलं लागतात आणि क्वांटम पद्धतीनं फार थोडी. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. पीटर शोर यांनी ती रीत १९९४ मध्ये मांडली. रेणूंच्या आतलं इलेक्ट्रॉनांचं वागणं काढणं हे दुसरं. रिचर्ड फाइनमन १९८१ च्या भाषणात याच दुसऱ्या कामासाठी अशा यंत्राची कल्पना करत होते. वर्डची फाइल उघडायला, लग्नाचा व्हिडिओ कापायला याचा काडीचा उपयोग नाही.

क्युबिट एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही. म्हणजे नेमकं काय?

हे वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. अर्ध्यावर सोडलं की लोकांना वाटतं, क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम काढतो आणि आपण त्यातलं बरोबर तेवढं उचलायचं. उचलता येत नाही, तिथेच तर घोडं पेंड खातं.

क्युबिट मोजला की शून्य किंवा एक, एवढंच मिळतं. मोजण्याआधी मात्र प्रत्येक शक्यतेला एक आकडा चिकटलेला असतो आणि त्या आकड्याला चिन्ह असतं: अधिक किंवा उणे. (खरं तर दोनच चिन्हं नसून घड्याळाच्या काट्यासारखी कुठलीही दिशा असते, पण रविवारी सकाळी एवढं पुरे.) फुटाळा तलावात एकाच वेळी दोन खडे टाकून बघा. दोन्ही तरंग जिथे भेटतात तिथे काही ठिकाणी पाणी दुप्पट उसळतं, काही ठिकाणी सपाट राहतं. क्वांटम गणित म्हणजे हेच घडवून आणणं. चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना मारतील आणि बरोबर उत्तराकडच्या वाटा एकमेकींना उचलून धरतील, अशा बेतानं क्रिया रचायच्या. असा बेत सुचणं अवघड, म्हणून उपयोगी क्वांटम रीती आजही मोजक्याच आहेत.

५० क्युबिटांची पूर्ण अवस्था कागदावर लिहायची तर २ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे एक कोटी कोटींच्या दहा पट आकडे लागतील. मोजल्यावर हाती येतात फक्त ५० शून्य-एक.

यासाठी आयनच का?

दोन कारणं. आयन म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. त्याच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे विद्युतक्षेत्रानं त्याला धरता येतं. आणि निसर्गातले एकाच समस्थानिकाचे सगळे आयन हुबेहूब सारखे असतात. कारखान्यात बनवलेल्या दोन चिपा कधीच तंतोतंत सारख्या निघत नाहीत, पण इथला कॅल्शियम-४० आणि ऑस्ट्रियातला कॅल्शियम-४० यांच्यात तसूभरही फरक नाही. क्युबिट बनवण्याचं काम निसर्गानं आधीच करून ठेवलंय. आपलं काम उरतं धरून ठेवण्याचं आणि त्रास न देण्याचं, आणि सगळा जीव त्यातच जातो.

भार नसलेले अणूही लेझरच्या चिमट्यांनी धरतात, तो वेगळा संप्रदाय आहे आणि सध्या जोरात आहे.

पण धरतात कसं? हातात तर येत नाही.

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

साधा विचार असा: आयनाचा भार धन आहे, तर चारही बाजूंनी धन भाराच्या पट्ट्या लावा, तो मधे अडकून बसेल. बसत नाही. सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच दाखवून दिलं की स्थिर विद्युतक्षेत्रानं भार एका जागी टिकवता येत नाही. एका दिशेनं दाबलं तर दुसऱ्या दिशेनं निसटण्याची वाट उघडतेच. क्षेत्राचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा असतो: पुढे-मागे चढ, डावी-उजवीकडे उतार. खोगिरावर गोटी ठेवली की ती बाजूनं घरंगळणार.

बॉनचे वोल्फगांग पाऊल यांनी तोडगा काढला तो असा की खोगीर स्थिर ठेवायचंच नाही. चढाचा उतार आणि उताराचा चढ इतक्या झपाट्यानं करत राहायचं की गोटीला निसटायला सवडच मिळू नये. आजच्या सापळ्यांत ही अदलाबदल सेकंदाला काही कोटी वेळा होते, काही शे व्होल्टच्या रेडिओ लहरींनी. पाऊल आणि हान्स डेमेल्ट यांना या सापळ्यांसाठी १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

आमच्याकडे याचं एक देशी मॉडेल आहे. लाकडी खोगीर एका सुताराकडून घासून घेतलं, ताटाएवढं. फिरवायला आधी जुन्या कूलरची मोटार लावली, तर छर्रा थेट फळ्यावर जाऊन आदळला. मग भंगारातून गाडीच्या वायपरची मोटार आणली. तिला दोन वेग असतात. पहिल्या वेगावर बेअरिंगचा छर्रा मध्यभागी ठेवला की दोन गिरक्यांत खाली. दुसऱ्या वेगावर तोच छर्रा मधोमध थरथरत उभा राहतो, जणू कुणीतरी न दिसणाऱ्या चिमटीत धरलाय. मागच्या बाकावरचे पालक इथेच पहिल्यांदा पुढे येतात. थोड्या वेळानं घर्षणामुळे छर्रा गोल गोल फिरत बाहेर पडतो. खऱ्या सापळ्यात निर्वात असल्यानं आयन तासन्‌तास, कधी कधी दिवसचे दिवस राहतो. फरकही सांगून ठेवते: आमचं खोगीर फिरतं, पाऊल सापळ्यातलं क्षेत्र जागेवरच उलटसुलट होतं.

कोणता धातू वापरतात?

कॅल्शियम, यटर्बियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, बेरिलियम. एक इलेक्ट्रॉन काढल्यावर बाहेर एकच इलेक्ट्रॉन उरेल असे धातू निवडतात, म्हणजे प्रकाशाशी त्यांचं वागणं सरळ राहतं. कॅल्शियम तर खर्रा घासताना पन्नीत टाकतात त्या चुन्यातलाच. प्रयोगशाळेत मात्र शुद्ध धातूचा बारीक तुकडा घेतात, तापवून त्याची थोडी वाफ करतात आणि ती सापळ्यातून जात असताना लेझरनं नेमका एक इलेक्ट्रॉन उडवतात.

लेझरनं वस्तू तापते. तुम्ही म्हणता थंड होते. हे कसं काय?

रेल्वे फाटकावर उभे असाल तर गाडी जवळ येताना भोंगा चढा ऐकू येतो, लांब जाताना उतरलेला. प्रकाशाचंही तसंच. लेझरचा रंग आयनाला हव्या असलेल्या रंगापेक्षा किंचित तांबड्या बाजूला ठेवायचा. आयन लेझरच्या दिशेनं धावत आला की त्याला तो रंग किंचित निळसर, म्हणजे नेमका हवा तसा दिसतो. तो प्रकाशकण गिळतो आणि समोरून धक्का खातो. उलट दिशेला जाताना रंग जुळत नाही, धक्केही कमी बसतात. म्हणजे धावत आला की थप्पड, परत गेला की माफी.

कॅल्शियमच्या आयनाला एका जांभळ्या प्रकाशकणाचा धक्का सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर एवढाच वेग बदलतो. आयन धावत असतो सेकंदाला काही शे मीटरनं. पण असे धक्के सेकंदाला लाखो-कोटींनी बसवता येतात, त्यामुळे तो बघता बघता निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) वर केल्व्हिनच्या हजाराव्या भागापर्यंत थंडावतो. कल्पना १९७५ ची, आयनांवर प्रत्यक्ष करून दाखवली १९७८ मध्ये.

नागपूरच्या उन्हात हे मशीन चालेल काय?

दर उन्हाळ्यात विचारला जाणारा प्रश्न, आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

क्वांटम संगणकाचा दुसरा प्रकार म्हणजे सुपरकंडक्टिंग (अतिवाहक) क्युबिटांची चिप; ती केल्व्हिनच्या शंभराव्या भागाएवढ्या तापमानात ठेवावी लागते, मोठाल्या शीतयंत्रात. आयनांना ती गरज नाही. भोवतीचं स्टीलचं भांडं खोलीच्या तापमानाला असतं आणि आत निर्वातात तरंगणारा आयन त्याच्यापासून अलिप्त. म्हणजे आयनाला मे महिना कळत नाही. (काही जण सापळाही चार केल्व्हिनपर्यंत थंड करतात, निर्वात आणखी चांगला मिळावा म्हणून.)

मे महिना कळतो तो लेझरला. आरसे ज्या टेबलावर बसवलेले असतात ते अंशभर तापलं तरी किरण हलतो, आणि निशाणा काही मायक्रोमीटरचा. त्यामुळे खोली एकसारखी थंड हवी, दमट नको, धूळ नको. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर इथे बाद. वीज सेकंदभर गेली तरी रेडिओ लहरी थांबतात आणि आयन पसार होतो. पुन्हा नवा पकडा.

आणि निर्वात. आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटी पटींहूनही कमी लागतो. भांडं बंद करताना पोलादाच्या धारदार कडा तांब्याच्या चकतीत रुततात, त्यातून हवा आत जात नाही. मग सगळं भांडं दोनशे अंशांच्या आसपास आठवडा-दोन आठवडे भाजत ठेवायचं, भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जाईपर्यंत. माझ्या दुसऱ्या वर्षी अकरा दिवस भाजल्यावरही दाब उतरेना. हेलियम फवारून गळती शोधली, झाकण उघडलं, तर तांब्याच्या चकतीवर आडवा एक केस. लांबीवरून माझाच. तेव्हापासून मी प्रयोगशाळेतच काय, स्वयंपाकघरातही वेणी घट्ट बांधते.

एखादं गणित करून दाखवा ना.

बेरीज नाही दाखवत, तिचा सगळ्यांत लहान दगड दाखवते.

एका आयनावरची क्रिया सोपी. शून्य म्हणजे आयनाची एक ऊर्जापातळी, एक म्हणजे दुसरी. नेमक्या रंगाचा लेझर नेमका वेळ मारला की आयन शून्यातून एकात जातो. अर्धा वेळ मारला की मधल्या, दोन्ही शक्यता असलेल्या अवस्थेत. बस.

यटर्बियमच्या बाबतीत या दोन पातळ्यांतलं अंतर १२.६ गिगाहर्ट्झ इतकं कमी आहे की एका लेझरचं काम नाही. तिथे दोन किरण सोडतात आणि त्यांच्या वारंवारतेतला फरक बरोबर १२.६ गिगाहर्ट्झ ठेवतात. आयन एकातला प्रकाश घेतो, दुसऱ्यात टाकतो आणि मधल्यामधे पातळी बदलतो. याला रामन संक्रमण म्हणतात. तेच आपले सी. व्ही. रामन, १९२८ च्या शोधाचे. त्याआधी १९१० च्या सुमारास वित्त खात्याच्या नोकरीत ते काही काळ नागपुरातच होते. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात सहल गेली की मुलं डायनासोरपाशी रेंगाळतात, नाव कुणाचं आहे ते कुणी विचारत नाही. असो.

खरा कस दोन आयनांच्या क्रियेत. आयन एकमेकांपासून पाचेक मायक्रोमीटरवर असतात. केसाच्या जाडीत डझनभर मावतील. एकमेकांना ढकलत असल्यानं ते एकत्र झुलतात. घरी वाळत घालायच्या दोरीला सारख्या लांबीच्या सुतळीनं दोन तांबे लटकवा. एकाला झोका द्या. थोड्या वेळात तो मंदावतो आणि दुसरा आपोआप झुलायला लागतो, मग पुन्हा पहिला. दोरीनं निरोप पोचवला. आयनांच्या रांगेत हे झुलणंच दोरीचं काम करतं. लेझरनं पहिल्या आयनाची अवस्था झुलण्यात उतरवायची, तिच्यावर अवलंबून दुसऱ्या आयनावर क्रिया करायची, आणि झुलणं पुन्हा शांत करायचं.

ही युक्ती इग्नासियो सिराक आणि पेटर झोलर यांनी १९९५ मध्ये मांडली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बोल्डरला डेव्हिड वाइनलँड, ख्रिस मन्रो आणि सहकाऱ्यांनी एकाच बेरिलियम आयनाची अवस्था आणि त्याचंच झुलणं असे दोन क्युबिट घेऊन ती क्रिया करून दाखवली. दोन वेगळ्या आयनांवर तीच रीत ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला २००३ मध्ये जमली. आता बहुतेक ठिकाणी डेन्मार्कच्या मोल्मर आणि सोरेन्सन यांची १९९९ ची रीत वापरतात. तिच्यात आयन पूर्ण निश्चल नसले तरी निभावतं. वाइनलँड यांना २०१२ चं नोबेल सर्ज हारोश यांच्यासोबत मिळालं.

उत्तर वाचतात कसं? अणू डोळ्यांनी दिसतो काय?

वाचणं हे या यंत्रातलं सगळ्यांत देखणं काम. कॅल्शियमच्या आयनांवर जांभळा लेझर टाकायचा. जो आयन शून्यात आहे तो चमकतो, जो एकात आहे तो अंधारा राहतो. कॅमेऱ्यात एक ओळ दिसते: ठिपका, ठिपका, रिकामी जागा, ठिपका. हेच उत्तर.

पहिल्यांदा पडद्यावर एकटा ठिपका दिसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी लेझर झाकला, ठिपका गेला, उघडला, आला. असं वीसेक वेळा केलं. प्रयोगाशी त्याचा काही संबंध नव्हता.

साध्या डोळ्यांनीही काही आयन अंधाऱ्या खोलीत अंधुक दिसू शकतात, लेझरचा रंग डोळ्याला दिसणारा असला तर. एकट्या बेरियम आयनाचा फोटो हायडेलबर्गला १९८० मध्ये निघाला. ऑक्सफर्डच्या डेव्हिड नॅडलिंगर यांनी साध्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या स्ट्रॉन्शियमच्या एका आयनाला २०१८ मध्ये छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं. दोन धातूच्या टोकांच्या मधोमध निळसर टिंब, बाकी काळोख.

एंटँगलमेंट वापरून नागपूरहून दिल्लीला क्षणात निरोप पाठवता येईल?

नाही. एंटँगलमेंट म्हणजे दोन क्युबिटांच्या अवस्था एकमेकींत गुंतणं. अशा गुंतलेल्या आयनांची मापनं एकमेकांशी जुळतात, कितीही लांब असले तरी. पण आपल्या बाजूला शून्य येणार की एक हे आपल्या हातात नसतं, मग निरोप भरणार कशात? जुळलं की नाही हे बघायलासुद्धा शेवटी फोनच करावा लागतो.

चुका किती होतात?

खूप. या क्षेत्राचं खरं दुखणं तेच. आजच्या चांगल्या आयन-यंत्रांत दोन क्युबिटांची क्रिया हजारात एखादी चुकते. ऐकायला छान वाटतं; पण उपयोगाच्या गणितात कोट्यवधी क्रिया असतात, तेव्हा हिशेब घाला. एका क्युबिटावरच्या क्रियेत मात्र कमाल झाली आहे: २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं कॅल्शियमच्या आयनावर सुमारे ६७ लाख क्रियांमागे एक चूक एवढी अचूकता गाठली. आणि अवस्था टिकवण्याबाबत आयन सगळ्यांना भारी. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठानं २०२१ मध्ये यटर्बियमचा एक आयन आपली अवस्था तासाभराहून जास्त टिकवू शकतो हे दाखवलं.

चूक पकडायची कशी? नेहमीच्या संगणकात एका बिटाच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येतं. क्युबिटाची प्रत काढता येत नाही, आणि बघायला गेलो तर तो बिघडतो. इथे मी २०२४ च्या मे महिन्याची आठवण करून देते. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बोंब झाली, आणि मग सेन्सरच बिघडल्याचं निघालं. कसं कळलं? आसपासच्या केंद्रांशी ताळा जमेना. क्वांटम दुरुस्तीतही ताळाच बघतात. एका क्युबिटातली माहिती अनेक आयनांत पसरवायची आणि मदतनीस आयनांना एवढंच विचारायला लावायचं: शेजारी-शेजारी जुळतंय का? प्रत्यक्ष किती अंश आहेत, हे कधीच विचारायचं नाही. कुठला शेजारी फटकून वागतोय एवढं कळलं की त्याला सरळ करता येतं आणि मूळ माहितीला धक्का लागत नाही. या दुरुस्तीसाठी आयन मात्र भरपूर खर्ची पडतात.

आज सगळ्यांत मोठं यंत्र केवढं आहे?

आयनांचं विचाराल तर क्वांटिन्यूअम कंपनीचं हेलिओस, बेरियमचे ९८ क्युबिट, नोव्हेंबर २०२५ चं. त्याआधी त्यांचं एच-टू ५६ क्युबिटांवर होतं. आयनक्यू ही २०१५ ची कंपनी दुसरी मोठी खेळाडू. सुपरकंडक्टिंग बाजूला आयबीएमनं २०२३ मध्येच ११२१ क्युबिटांची चिप काढली. म्हणून 'आयनवाले मागे पडले' असं म्हणू नका. संख्या ही या खेळात फसवी गोष्ट आहे. आयनांच्या यंत्रात कुठलाही क्युबिट कुठल्याही क्युबिटाशी बोलू शकतो. चिपवर बहुधा फक्त शेजाऱ्याशी. चिपच्या क्रिया मात्र हजार पटींच्या आसपास वेगवान. कोण जिंकेल यावर मी पैज लावत नाही, जीव कुणाकडे ओढतो ते तुम्हाला कळलंच असेल.

रांग लांबवत नेली तर झुलणं आवरेनासं होतं, लेझर भलत्याच झोक्याला लागतो. म्हणून २००२ मध्ये वाइनलँड यांच्या गटानं सुचवलेली वाट धरली जाते: एकच लांब रांग नको, सापळ्यांचं जाळं करा आणि आयनांना इकडून तिकडे हलवा. रेल्वे यार्डात डबे शंटिंग करतात ना, अगदी तसं. नागपूर हे जंक्शनचं गाव, इथे हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

माझं बँकेचं खातं फुटणार काय?

आज नाही. शोर यांची रीत आयनांवर चालवून इन्सब्रुकच्या गटानं २०१६ मध्ये जे अवयव पाडले ते १५ चे. तीन पाचे पंधरा, कॅल्शियमचे पाच आयन लावून. बँकेची कुलपं, म्हणजे गुप्तलेखन, सहाशेहून अधिक अंकी संख्यांवर असतात; त्यांचे अवयव पाडता आले की कुलूप उघडलं. २०२५ च्या एका अंदाजानुसार ती फोडायला आजच्या दर्जाचे सुमारे दहा लाख क्युबिट लागतील. पण त्याच्या सहाच वर्षं आधी हाच अंदाज दोन कोटींचा होता, म्हणून जगभर कुलपं बदलायला सुरुवात झाली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची पहिली मानकं जाहीर केली.

तोवर ओटीपी फोनवर कुणाला सांगू नका. तुमच्या खात्याला धोका आहे तो तिकडून.

संत्र्याच्या बागेला याचा काही उपयोग?

काटोलहून येणाऱ्या एका काकांनी विचारलं होतं. आज काहीच नाही. लांबची आशा एवढीच की मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन साध्या तापमानाला कसा बांधतात, ते काम करणाऱ्या विकरातल्या (एन्झाइममधल्या) लोह-मॉलिब्डेनमच्या गुच्छाचं गणित क्वांटम संगणकानं सुटावं. आपण खताच्या कारखान्यात तेच काम प्रचंड दाब आणि उष्णता देऊन करतो. काका म्हणाले, "म्हणजे माझ्या नातवाच्या वेळेला." मी हो म्हटलं, थोडं चाचरतच.

भारतात कुठे काय चाललंय?

केंद्रानं १९ एप्रिल २०२३ ला राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं: ६००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. चार मुख्य केंद्रं आहेत. संगणनाचं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, संवेदन आणि मापनाचं आयआयटी मुंबईकडे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) सुपरकंडक्टिंग क्युबिटांवर काम आहे. आयनांच्या बाजूनं बघायचं तर पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) आयन-सापळे आहेत, आणि तिथल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत यटर्बियमच्या एका आयनावर घड्याळ बनवण्याचं काम चालतं. घड्याळ आणि संगणक ही सख्खी भावंडं आहेत. लेझर, सापळा, निर्वात सगळं एकच.

मुलगी बारावीत आहे. तिला कोणत्या क्लासला टाकू?

कोणत्याच नाही. 'तीन दिवसांत क्वांटम तज्ज्ञ' अशा प्रमाणपत्राला माझ्या एका विद्यार्थ्यानं सात हजार रुपये मोजले. हाती आला एक पीडीएफ आणि त्यात प्लांकचं नाव चुकलेलं. भौतिकशास्त्राची ओढ असेल तर आयसरची प्रवेश परीक्षा द्या, किंवा बी.एस्सी. करून जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्या. इंजिनिअरिंगची आवड असेल तर इलेक्ट्रॉनिक्स उत्तम. रेडिओ लहरी, लेझरचे नियंत्रक, कॅमेऱ्याचे सिग्नल हे सगळं सांभाळणारी माणसं प्रयोगशाळांना कायम कमी पडतात. गणितात रेषीय बीजगणित पक्कं करा, मॅट्रिक्स हाताला बसू द्या. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर क्वांटम संगणनाचे चांगले वर्ग फुकट आहेत.

आणि तिला हातानं काम करू द्या. डाग देणं, आटे पाडणं, स्क्रू कुठवर आवळायचा ते बोटांना कळणं. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत मानाचा माणूस लेथवर बसायचा, आणि त्याची डिग्री आयटीआयची होती.

घरी काही करून बघता येईल?

सापळा नाही. धुळीचे कण पकडणारा साधा सापळा घरच्या ५० हर्ट्झवरही होतो, पण त्याला हजारो व्होल्ट लागतात. त्या वाटेला जाऊ नका, मी व्हिडिओची लिंकही देणार नाही. तांब्यांचा प्रयोग करा, तो पूर्ण सुरक्षित आहे. फक्त दोरीवरचे कपडे आधी काढा. कॉम्प्युटरवर दोन-तीन क्युबिटांची नक्कल करणारी फुकट साधनं आहेत, ती वापरून बघा.

खोगीर बघायचं असेल तर रविवारी या. येताना सायकलवाल्याकडून मोठ्यातला मोठा छर्रा घेऊन या. आमचे सातपैकी पाच बाकांखाली गेलेत, आणि खोली झाडायला येणाऱ्या मावशी म्हणतात त्यांना एकही सापडला नाही.